मूकव्रती मेहेरबाबा आणि त्यांचा अक्षरफलक

पुणे छावणीतील सेंट व्हिन्सेंट हायस्कूल ही मिशनरी शाळा जुनी व नामांकित आहे. गेल्या शतकाच्या आरंभी त्या शाळेतून मेरवान शेरियार इराणी नावाचा एक हुशार, खेळकर आणि गोड गळ्याचा मुलगा शिकून बाहेर पडला. पुढे हाच मुलगा मेहेरबाबा या नावाने हिंदुस्थानात व हिंदुस्थानाबाहेर प्रसिद्धीस आला. इ. स. १९२५ च्या जुलै महिन्यात त्यांनी मौन धरले व १९६९ च्या जानेवारीत त्यांचा देह पडला तोवर, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षे, ते मौन त्यांनी पाळले. असे असूनही या साडेत्रेचाळीस वर्षांत त्यांचे इतरांशी बोलणे कधी थांबले नाही. त्यांनी ग्रंथ सांगितले, सभा चालविल्या, देशोदेशी प्रवास केला, थट्टामस्करी केली, रागेही भरले. आवाजावाचून हे सर्व कसे घडले, हाच प्रस्तुत चरित्रलेखाचा मुख्य विषय होय.

मेहेरबाबांचे अनुयायी त्यांना अवतारी पुरुष मानतात. इतर अनेकांस ते मान्य नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. त्यांच्या आयुष्याची एकच बाजू आम्ही येथे निवडली आहे. एक लाकडी फळी, तीवर रंगविलेली अक्षरे, त्यांवरून फिरणारे एक बोट आणि त्या बोटाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी चार माणसे, एवढ्या सामग्रीवर एका न बोलणाऱ्या पुरुषाचा संसाराशी संवाद कसा चालला, हे आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे. आमच्या पालीच्या पंचक्रोशीत, आणि खरे म्हणजे कोणत्याही पंचक्रोशीत, जन्मतः वा आजारामुळे ज्यांस बोलता येत नाही अशी माणसे असतात. त्यांच्या सोबत्यांनी या चरित्रापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मेरवान यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यास एका झरतुष्ट्री इराणी कुटुंबात झाला. वडील शेरियारजी हे इराणातून आलेले. तारुण्यात त्यांनी फकिरी वृत्तीने पुष्कळ भ्रमंती केली होती आणि अखेर ते पुण्यास स्थायिक झाले. आईचे नाव शिरीनबाई. घरी फारसी व गुजराती, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर मराठी व हिंदुस्थानी, अशा अनेक भाषांच्या सहवासात हा मुलगा वाढला. त्याला क्रिकेटचा नाद होता, वाचनाची आवड होती आणि कविता रचण्याचा छंद होता. शालेय शिक्षण संपवून १९११ साली तो डेक्कन कॉलेजात दाखल झाला. शब्दांवर ज्याचे एवढे प्रेम, त्यानेच पुढे उच्चारलेला शब्द कायमचा टाकावा, हा या चरित्रातला पहिला विशेष होय.

कॉलेजात असतानाच, १९१३ साली, पुण्यात एका निंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध मुसलमान साध्वीशी त्यांचा परिचय झाला व त्या परिचयाने त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. अभ्यास सुटला आणि कित्येक महिने त्यांस देहभानही नव्हते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे शिर्डीच्या साईबाबांचे दर्शन व साकोरीच्या उपासनी महाराजांचा सहवास त्यांस लाभला. १९२२ साली त्यांनी मुंबईस दादर येथे आपल्या सोबत्यांसह एक घर घेऊन कडक शिस्तीचा आश्रम चालविला. दुसऱ्या वर्षी ही मंडळी अहमदनगरजवळ, म्हणजे आज ज्या नगरास अहिल्यानगर म्हणतात त्याच्याजवळ, अरणगावी आली. पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्कराची एक ओसाड पडलेली जागा तेथे होती. तीच मेहेराबाद या नावाने पुढे प्रसिद्ध झाली. तेथे दवाखाना निघाला आणि गावच्या सर्व जातींच्या मुलांकरिता शाळाही निघाली. सोबत्यांत इराणी होते, पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते. या सर्वांच्या राहणीची, कामाची आणि जेवणखाणाची व्यवस्था मेरवानजी स्वतः पाहत व दिवसभर त्यांचे बोलणे चालू असे.

अशा गजबजलेल्या आश्रमात १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले. त्याची कल्पना त्यांनी सोबत्यांस आगाऊ दिली होती व कोणी काय काम करावे याच्या सूचनाही देऊन ठेवल्या होत्या. हे मौन काही काळच टिकेल असा त्या वेळी बहुतेकांचा समज होता. पुढे मौन सोडण्याचे संकल्प अनेकदा जाहीर झाले. परंतु लोकांस ऐकू जाईल असा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

आरंभी त्यांनी पाटी-पेन्सिल जवळ केली. मनात आले ते लिहावे, दाखवावे, पुसावे, असा क्रम असे. परंतु २ जानेवारी १९२७ पासून सहीखेरीज काही लिहिणेही त्यांनी सोडले. आता तोंडही नाही आणि लेखणीही नाही. या अडचणीतून जे साधन पुढे आले ते म्हणजे अक्षरफलक. एका लहान फळीवर इंग्रजी वर्णमालेतील सव्वीस अक्षरे आणि आकडे ओळीने रंगविलेले असत. बाबांनी एकामागून एक अक्षरांवर बोट ठेवावे. शेजारी बसलेल्या सोबत्याने ती अक्षरे टिपावी, त्यांचा शब्द करावा, शब्दांचे वाक्य करावे आणि ते मोठ्याने बोलून दाखवावे, अशी ही रीत होती. पुढल्या काळातील चलच्चित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत हे बोट इतक्या झपाट्याने फिरताना दिसते की, नवख्या माणसास एक अक्षरही हाती लागू नये. सत्तावीस वर्षे हा फलक त्यांचा मुखत्यार होता.

विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबून फलक वाचणाराच्या कामाचा विचार करा. ते दिसते तितके सोपे नाही. पहिली गोष्ट, त्याचे डोळे ढळता कामा नयेत. एक अक्षर निसटले तर सबंध शब्द निसटतो. दुसरी, त्यास तर्क तर करावा लागतो, पण तर्काच्या आहारी जाता येत नाही. पुढले अक्षर कोणते असेल हे ओळखता आले तर काम लवकर होते. ओळखण्यात चूक झाली तर बोलणाराच्या मुखी भलताच शब्द जातो. तिसरी व सर्वांत कठीण गोष्ट ही की, बोलून दाखविताना स्वतःचे मत, स्वतःची आवडनावड आणि स्वतःची चतुराई त्यास बाजूस ठेवावी लागते. दोन माणसांच्या मध्ये बसून दोघांसही आपली आठवण होऊ न देणे, ही त्याची खरी कसोटी. ही कला एका दिवसात येत नाही. सहवासाने व अभ्यासाने येते.

या फलकाची परीक्षा परदेशच्या प्रवासात विशेषेकरून झाली. १९३१ साली मेहेरबाबा राजपुताना नावाच्या आगबोटीने विलायतेस निघाले. त्याच बोटीने महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेस जात होते. बोटीवर दोघांच्या भेटी झाल्या. एक पुरुष वाणीने बोलत होता व दुसरा फलकावरील अक्षरांनी. तरीही संभाषण झाले. पुढे युरोप व अमेरिकेत ते अनेकदा गेले व तेथे नाना भाषा बोलणारी माणसे त्यांस भेटावयास येत. मुंबईचे फ्रामजी दादाचानजी, ज्यांना सर्व मंडळी चानजी म्हणत, हे त्या पहिल्या प्रवासात त्यांच्या सोबत होते. अशा सोबत्यांवाचून त्या भेटी निष्फळ झाल्या असत्या.

मेहेरबाबांच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यांचा इतिहासही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९३८ पासून अहमदनगराहून त्यांच्या मंडळींचे एक इंग्रजी मासिक निघू लागले व त्यात त्यांची प्रवचने येऊ लागली. बाबांनी फलकावरून मुद्दे सांगावे आणि नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. चक्रधर धरणीधर देशमुख यांनी ते विस्ताराने इंग्रजीत मांडावे, अशी व्यवस्था होती. १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला त्यांचा मोठा ग्रंथ याच रीतीने, फलकावरून सांगितलेल्या मजकुराच्या आधारे, एरच जेसावाला या त्यांच्या सोबत्याने लिहून काढला. येथे चिकित्सक वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील की, यात सांगणाराचे किती आणि लिहिणाराचे किती? हा प्रश्न अनादराचा नव्हे, तर अगदी योग्य आहे. जेथे जेथे एक मनुष्य दुसऱ्याच्या वतीने बोलतो वा लिहितो तेथे तेथे तो विचारलाच पाहिजे. विस्तार करणारा कोण होता हे उघड सांगितलेले असेल आणि झालेला मजकूर मूळ सांगणाराच्या नजरेखालून जाऊन त्याची संमती मिळाली असेल, तर त्यात लबाडी नाही. परंतु सोबत्याने मजकूर आपल्या पदरचा घालावा आणि तो मुक्या माणसाच्या नावावर खपवावा, हे मात्र चोरीहून वाईट. कारण ज्याचे बोलणे चोरीस गेले त्यास ओरडताही येत नाही.

७ ऑक्टोबर १९५४ रोजी मेहेरबाबांनी अक्षरफलकही दूर सारला. तेव्हापासून अखेरपर्यंत केवळ हातांच्या खुणा व चेहऱ्यावरील भाव यांवर त्यांचा व्यवहार चालला. या खुणा म्हणजे बहिऱ्या लोकांची रूढ खुणांची भाषा नव्हे. त्या त्यांच्या स्वतःच्या व सोबत्यांच्या मेळातून तयार झालेल्या होत्या. एरच जेसावाला हे त्या खुणांचे प्रमुख वाचक होत. त्यांचा जन्म १९१६ चा. १९३८ साली ते बाबांच्या मंडळीत कायमचे राहावयास आले. बाबांची बोटे हलू लागताच एरच यांच्या मुखातून वाक्य बाहेर पडे आणि ऐकणारांस बाबाच बोलत आहेत असा भास होई, असे त्या सभांस हजर असलेल्यांनी लिहून ठेवले आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात पुण्यास पूर्वेकडील व पश्चिमेकडील अनुयायांचा मोठा मेळावा भरला, तोही याच रीतीने पार पडला.

या काळात शरीराच्या यातनाही त्यांस पुष्कळ भोगाव्या लागल्या. २४ मे १९५२ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा संस्थानात त्यांच्या मोटारीस अपघात होऊन हात व पाय मोडला. २ डिसेंबर १९५६ रोजी साताऱ्याजवळ दुसरा अपघात झाला, त्यात त्यांच्या कमरेचे हाड मोडले आणि सोबतीचे डॉक्टर निळू मरण पावले. त्यानंतर चालणे कष्टाचे झाले. मौन मात्र कायम राहिले. ३१ जानेवारी १९६९ रोजी अहमदनगरजवळील मेहेराझाद येथे त्यांनी देह ठेवला. मेहेराबादच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे आणि दर वर्षी १० जुलै हा दिवस त्यांचे अनुयायी मौन पाळून साजरा करतात. एरच यांनी आपल्या आठवणी सांगत पुढली तीसहून अधिक वर्षे काढली. ते २००१ साली वारले.

येथवर चरित्र झाले. आता त्याचा जो अर्थ आम्हांस लागला तो सांगतो.

मेहेरबाबांचे मौन हे व्रत होते. ते त्यांनी आपखुशीने घेतले होते व मनात आणते तर मोडूही शकले असते. ज्या मुलाच्या मेंदूस जन्माच्या वेळी इजा झाल्याने ओठ, जीभ व घसा यांवर ताबा राहिला नाही, त्याचे न बोलणे हे व्रत नव्हे. पक्षाघाताने ज्या गृहस्थाची वाचा गेली, त्यानेही ती दान केलेली नाही. तेव्हा दोहोंची तुलना एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. परंतु ही भिन्नता ध्यानी घेतली म्हणजेच एक मोठा प्रश्न आपणांसमोर येतो. एका सुदृढ पुरुषाने स्वेच्छेने मौन धरले तेव्हा त्याच्या एकेका अक्षराकरिता सुशिक्षित माणसे वर्षानुवर्षे टक लावून बसली. मग ज्याचे मौन सक्तीचे आहे त्या मुलाच्या एका शब्दाकरिता आपण अर्धा मिनिटही का थांबत नाही?

उत्तर उघड आहे. या पुरुषाच्या मनात ऐकण्यासारखे काहीतरी आहे, अशी त्या सोबत्यांची आधीच खात्री होती. मुक्या मुलाविषयी आपली तशी खात्री नसते. त्यास बोलता येत नाही, एवढ्यावरून त्यास समजतही नाही, असे आपण ठरवून मोकळे होतो. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे, ती उगाच नव्हे. तात्पर्य, फलक मागाहून येतो. आदर आधी यावा लागतो. आदर असेल तर कोळशाने भिंतीवर काढलेली अक्षरेही पुरतात आणि तो नसेल तर हजारो रुपयांचे यंत्रही कपाटात धूळ खात पडते.

ज्यास आज पूरक व पर्यायी संवाद-साधने म्हणतात, त्यांचा इतिहास फार जुना नाही. मेहेराबादेस बाबांचे बोट फलकावर फिरू लागले त्याच दशकात अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी एफ. हॉल रो या गृहस्थांकरिता व त्यांच्याच साह्याने अक्षरे आणि शब्द छापलेला एक फलक तयार झाला. रो यांस मेंदूचा पक्षाघात होता व त्यांचे बोलणे लोकांस कळत नसे. तेथील एका मंडळाने तो फलक छापून इतर गरजूंसही वाटला. सर्वत्र उपलब्ध झालेल्या अशा साधनांत तो पहिला मानला जातो. दोन खंडांतील दोन माणसांस एकमेकांची वार्ताही नसता एकच युक्ती लाभावी, हे नवल खरे. परंतु गरज हीच दोहोंची गुरू होती.

आपल्या मुंबईतील एक उदाहरण याहून जवळचे आहे. मालिनी छिब यांस जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. त्यांच्या मातोश्री डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईस अशा मुलांकरिता संस्था काढली. मालिनीबाईंचे बोलणे परक्यास समजण्यास कठीण. पण त्या एका बोटाने यंत्रावर टंकलेखन करीत शिकल्या, सेंट झेवियर कॉलेजातून पदवीधर झाल्या, पुढे विलायतेसही उच्च शिक्षण घेतले आणि २०११ साली आपले आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाचे नावच मुळी त्यांच्या एका लहानशा बोटावरून ठेवलेले आहे. एका बोटात किती सामर्थ्य असते याचा याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

मग अशा मुलाचे आईबाप, भावंडे, शिक्षक व वर्गबंधू यांनी काय करावे? मेहेरबाबांच्या सोबत्यांची रीत आणि आजच्या तज्ज्ञांची शिकवण यांचा पुष्कळ ठिकाणी मेळ बसतो. त्यांतील मुख्य गोष्टी आम्ही येथे देतो.

प्रथम धीर. बोलणारा मनुष्य मिनिटास दीडशेच्या आसपास शब्द सहज बोलतो. साधनावरून बोलणाऱ्यास बहुधा पंधरा शब्दही कठीण जातात. म्हणून प्रश्न विचारल्यावर थांबावे, मनातल्या मनात दहा अंक मोजावे आणि तोवर दुसरा प्रश्न विचारू नये. वाक्य अर्धे होताच ते आपणच पुरे करण्याची घाई अंगवळणी पडलेली असते, ती सोडावी. त्याची संमती असेल तरच तर्क करावा आणि तर्क करून झाल्यावर बरोबर की चूक हे त्यासच विचारावे. होय व नाही यांसाठी एकेक निश्चित खूण प्रथम ठरवून घ्यावी. कारण ज्यास नाही म्हणता येत नाही त्याच्या होकारास काही किंमत नसते.

दुसरी गोष्ट, दृष्टी. बोलावे ते मुलाकडे पाहून, त्याच्या आईकडे पाहून नव्हे. समोर बसलेल्या मुलास वगळून त्याचे नाव, त्याची इयत्ता आणि त्याची भूक यांची चौकशी शेजाऱ्यापाशी करणे हा त्याचा उपमर्द होय.

तिसरी गोष्ट, इमान. शालान्त परीक्षेत ज्या विद्यार्थ्यास लेखनिक मिळतो, त्याच्या लेखनिकाने सांगितले तेवढेच लिहावयाचे असते. फलक वाचणाऱ्याचाही तोच धर्म आहे. पाश्चात्त्य देशांत एके काळी अशी एक पद्धत निघाली की, सोबत्याने मुलाचा हात आपल्या हाती धरून तो अक्षरांवर फिरवावा. तिचे फार कौतुक झाले. परंतु १९९० नंतरच्या दशकात कसून चाचण्या घेतल्या तेव्हा शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे आढळून आले. सोबत्यांनी ते जाणूनबुजून केले होते असेही नाही. म्हणून हा दंडक ठेवावा की, फलक आपण धरावा, परंतु बोट ज्याचे त्याचेच असावे. बोट हलत नसेल तर डोळ्यांनी अक्षर दाखविण्याच्याही रीती आहेत.

चौथी गोष्ट, भाषा. मेहेरबाबांना सव्वीस इंग्रजी अक्षरे पुरली. मराठी मुलाचा फलक निराळा व्हावयास हवा. त्यात स्वर व व्यंजने तर हवीतच. शिवाय काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरासाठी पाय मोडण्याची खूण, यांनाही स्वतंत्र घरे हवीत. ज्यास अजून वाचता येत नाही त्यासाठी चित्रे असावीत आणि शब्द त्याच्या घरचे असावेत. कोकणातल्या मुलास सफरचंदाच्या चित्राहून पेज, भाकरी, मासे, आजी, पाऊस, बैल व होडी यांचा उपयोग अधिक. त्यांच्या जोडीस नको, आणखी, थांब, दुखते, का आणि माझे हे शब्द अवश्य ठेवावेत. केवळ वस्तू मागता आल्या म्हणजे माणूस बोलता झाला असे होत नाही. त्याला तक्रार करता आली पाहिजे, प्रश्न विचारता आले पाहिजेत, थट्टाही करता आली पाहिजे.

पाचवी गोष्ट, उदाहरण. तान्हे मूल बोलावयास शिकते ते वर्षभर आपले बोलणे ऐकून. फलकावर बोलावयासही मूल तसेच शिकते. म्हणून घरच्यांनी व शिक्षकांनी बोलताना स्वतःही फलकावर बोट ठेवीत जावे. असे साधन दिले तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडील, अशी भीती पुष्कळ आईबापांस वाटते. ती निराधार आहे, असे आजवरच्या संशोधनाने दाखविले आहे. उलट कित्येक मुलांच्या उच्चारांत थोडीफार वाढही झालेली आढळते.

आणि अखेरची गोष्ट. हे साधन त्याच्यापासून कधीही हिरावून घेऊ नये. वर्गात गडबड केली म्हणून बोलत्या मुलाची जीभ कोणी काढून ठेवीत नाही. मग मुक्या मुलाचा फलक शिक्षा म्हणून टेबलाच्या खणात टाकणे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार नव्हे तर काय?

आज साधनांची वाण नाही. मुंबईच्या आय. आय. टी.ने मोबाईलवर चालणारे जेलो नावाचे चित्रमय साधन तयार केले आहे. चेन्नईस आवाज नावाचे तसेच साधन निघाले. चित्रावर बोट ठेवले की यंत्र शब्द बोलते. परंतु आमच्या कोकणात पावसाळ्यात वीज गेली की यंत्रही मौन धरते. म्हणून जाड पुठ्ठ्यावर अक्षरे काढून, वर प्लॅस्टिक चढवून केलेला एक साधा फलक दप्तरात नेहमी असावा, हे उत्तम. तो करावयास एक संध्याकाळ पुरते आणि खर्च काहीच येत नाही. कायद्याचीही बाजू आता भक्कम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संवादाची जी व्याख्या केली तीत ब्रेल, खुणांची भाषा यांच्या बरोबरीने पूरक व पर्यायी पद्धतींचाही उल्लेख आहे. म्हणजे फलकावर बोट ठेवून बोलणे हे कायद्याच्या दृष्टीने बोलणेच होय. राहिला प्रश्न तो ऐकणाऱ्यांचा. आणि कान देण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही.

मुंबई-गोव्याच्या हमरस्त्यास कोल्हापूरचा रस्ता जेथे मिळतो तेथे आमची पाली वसली आहे. दिवसभर येथे गाड्या थांबतात, माणसे चढतात, उतरतात, दुकानांत सौदे होतात आणि सर्व काही बोलण्यावर चालते. या बोलक्या गर्दीत एखादा मुलगा पुठ्ठ्याचा फलक पुढे करून आपले तिकीट वा आपला चहा मागू लागला, तर दुकानदाराने व वाहकाने त्याच्या बोटाकडे पाहावे, मागल्या माणसांनी घाई करू नये आणि आम्हां विद्यार्थ्यांपैकी कोणी जवळ असेल तर त्याने फलक नीट धरण्यापुरता हात पुढे करावा, उत्तर मात्र त्याचे त्यालाच देऊ द्यावे. मेहेरबाबांचे सोबती सत्तावीस वर्षे एका फळीकडे पाहत राहिले, ते तीवरील शब्द आपणांस हवे आहेत म्हणून. आमच्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलाचे शब्दही तसेच आम्हांस हवे आहेत, हे त्यास एकदा कळू द्या. मग तो काय बोलतो ते ऐकावयास आपण तयार असू म्हणजे झाले.